पहिले गिऱ्हाईक जिल्ह्यानेच व्हावे : सोलापूर जिल्हा नियोजन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, सोलापूर.

विषय : ऊस, कापूस व शेतातील अवशेषांपासून तयार होणाऱ्या वस्तूंना बाजारपेठ मिळावी यासाठी जिल्ह्यातील सरकारी खरेदीच्या अटी बदलण्याबाबत.

महोदय, महोदया,

सादर नमस्कार. साखर कारखान्याच्या स्टोअर-परचेस खात्यात माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर चिमणीच्या धुराऐवजी निविदांच्या कागदांशी माझा संबंध उरला आहे, कारण ओळखीतल्या काही लहान उद्योजकांना निविदा भरून देण्याचे काम मी हौसेने करतो. हे पत्र त्या अनुभवातून लिहीत आहे. नव्या अनुदानाची मागणी त्यात नाही. जिल्ह्यातील सरकारी कार्यालये, शाळा, वसतिगृहे, रुग्णालये, यात्रा आणि रस्ते यांसाठी जो पैसा आजही खर्च होतो, तो खर्च करताना समितीने काही अटी बदलाव्यात, एवढीच विनंती आहे.

खनिज तेलापासून नव्हे तर वनस्पतींपासून आणि शेतीच्या अवशेषांपासून बनलेल्या वस्तूंना हल्ली जैवाधारित वस्तू म्हणतात. उसाच्या चिपाडाची ताटे, मळीपासूनचे इथेनॉल, प्रेसमडपासूनचा (उसाचा रस गाळताना उरणाऱ्या गाळापासूनचा) गॅस आणि खत, तुराट्यांचे इंधन-गट्टू आणि कापसाची चादरही त्यात येते. आपल्या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. एक टन ऊस गाळला की साधारण 280 ते 300 किलो ओले बगॅस म्हणजे चिपाड, 40 ते 45 किलो मळी आणि 30 ते 40 किलो प्रेसमड निघतो, हे गाळप अहवाल वाचणाऱ्या कोणालाही माहीत आहे. करमाळ्याकडे केळीची खोडे आहेत, सांगोला-मंगळवेढ्याकडे डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या आहेत, अक्कलकोट-बार्शीकडे तुराट्या आहेत. कच्च्या मालाची वाण या जिल्ह्याला कधीच नव्हती. त्या मालापासून बनलेली वस्तू घेणारे गिऱ्हाईक मात्र अजून उभे राहिलेले नाही.

याचा अनुभव इथेनॉलने देशाला दिलेला आहे. 2013-14 च्या सुमारास पेट्रोलमध्ये इथेनॉलचे मिश्रण जेमतेम दीड टक्का होते, आणि 20 टक्क्यांचे जे उद्दिष्ट आधी 2030 साठी ठरले होते ते अलीकडे ओढून 2025 मध्ये गाठले गेले. ग्राहकाला पर्यावरणाचे धडे देऊन हे घडलेले नाही. सरकारी तेल कंपन्यांनी ठरलेल्या दराने माल उचलण्याची हमी दिली, 2018 मध्ये मिश्रणासाठीच्या इथेनॉलवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला गेला, आणि त्या हमीपत्रावर बँकांनी आसवन्यांना, म्हणजे इथेनॉल बनवणाऱ्या प्रकल्पांना, कर्जे दिली. हमी डळमळली की काय होते तेही आपण पाहिले आहे. 7 डिसेंबर 2023 रोजी ऐन हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आले आणि ज्यांनी नुकतीच आसवनी वाढवली होती त्यांचे हिशेब एका रात्रीत फिरले. पुढे निर्बंध उठले, पण यंत्रसामग्रीत पैसा घालणाऱ्याच्या मनात त्या डिसेंबरची आठवण राहिलेली आहे. मला त्यातून एवढेच दिसते की उद्योग खात्रीच्या मागणीवर उभा राहतो आणि ती खात्री अर्ध्यावर काढून घेतली तर पुढच्या वेळी कोणी पुढे येत नाही.

त्याहून जुने उदाहरण आपल्या गोदामांतच रचून ठेवलेले असे. 1987 च्या कायद्याने धान्य आणि साखर तागाच्या पोत्यांत भरण्याची सक्ती करता येते, आणि साखरेसाठी ते प्रमाण 20 टक्के आहे. आम्ही स्टोअरवाले या सक्तीवर बारमाही कुरकुरत असू. पोते महाग पडते, साखरेत धागे येतात, तेलाचा वास लागतो, अशा तक्रारी प्रत्येक हंगामात वर जात आणि त्यांत तथ्यही असे. तरीही बंगालमधील ताग उत्पादक आणि तागगिरण्या इतकी वर्षे तगल्या, त्यात या कायद्याचा मोठा वाटा आहे. म्हणजे दूरच्या शेतकऱ्याच्या जैवाधारित मालाचे बांधील गिऱ्हाईक होण्याचा अनुभव सोलापूरच्या कारखान्यांनी पुरेपूर घेतलेला आहे. आता आपल्या शेतकऱ्याच्या मालासाठी आपल्याच जिल्ह्याने तसे, आणि शक्य झाल्यास कमी कुरकुरीचे, गिऱ्हाईक व्हावे असे म्हटले तर ते गैर ठरू नये.

आता प्रत्यक्ष निविदेकडे वळतो, कारण घोडे नेमके तिथेच अडते. मी ज्यांचे कागद तयार करतो त्यांतील एका उद्योजकाकडे बगॅसच्या लगद्यापासून ताटे, द्रोण व वाट्या बनवण्याची छोटी यंत्रणा आहे. लगद्याचे वाळवलेले तक्ते पाण्यात फोडून पातळ करायचे, जाळीच्या साच्यावर ओढून पाणी काढायचे, मग तापवलेल्या साच्यात दाबून कडा कातरायच्या, असे ते काम आहे. गंमत अशी की हे तक्ते त्याला बाहेरून मागवावे लागतात, आणि त्याच्या शेडसमोरून बगॅसचे ट्रॅक्टर जात असतात. त्याने एका सरकारी कार्यालयाच्या प्रशिक्षणवर्गातील भोजनासाठी निघालेली ताटांची निविदा मला आणून दाखवली. तिच्या विनिर्देशात लिहिले होते : कागदी ताट, रंग शुभ्र, आतील बाजूस चकचकीत थर, अमुक व्यास. 15 जुलै 2022 रोजी राज्य सरकारने प्लास्टिकचा थर दिलेली कागदी ताटे आणि पेले यांवरही बंदी घातली आहे, त्यामुळे सरकारच्याच अधिसूचनेने बाद झालेली वस्तू सरकारी निविदेत मागवली जात होती. मला यात कोणाचा कट दिसत नाही. जुन्या निविदेची फाईल उघडून, तारीख बदलून, नवी निविदा काढण्याची आपल्याकडची सवय त्यामागे आहे. पण त्या सवयीने बगॅसचे ताट स्पर्धेत उतरण्यापूर्वीच बाहेर पडते, कारण ब्लीच न केलेला लगदा भुरा असतो, शुभ्र नसतो, आणि त्याला चकचकीत थर नसतो.

विनिर्देशाची पायरी कशीबशी ओलांडली तर पुढे मागील तीन वर्षांतील सरकारी पुरवठ्याचा अनुभव, ठरावीक वार्षिक उलाढाल आणि बयाणा रक्कम यांच्या अटी असतात. नवी वस्तू बनवणाऱ्याकडे तीन वर्षांचा अनुभव कुठून येणार? शेवटी सर्वांत कमी दराचा नियम येतो, आणि तिथे ताटाची फक्त खरेदीची किंमत मोजली जाते. जेवण झाल्यावर त्या ताटाचे काय होते, ते उचलायला, वाहून न्यायला, पुरायला किंवा जाळायला महापालिकेचा किती पैसा जातो, तो हिशेब दुसऱ्या खात्याच्या दुसऱ्या लेखाशीर्षाखाली असल्यामुळे दरपत्रकात दिसतच नाही. आणि एवढे सगळे पार पाडून पुरवठा झालाच, तर बिल कधी निघेल ते सांगता येत नाही. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यायचे असतात. माझ्या ओळखीच्या उद्योजकांच्या वह्यांत त्याहून बऱ्याच जुन्या येण्याच्या नोंदी आहेत.

शासनाच्या उद्योग विभागाची 1 डिसेंबर 2016 ची खरेदी नियमपुस्तिका सर्व कार्यालयांना लागू आहे आणि ती बदलणे समितीच्या हाती नाही, याची मला जाणीव आहे. पण विनिर्देश ठरवण्याचे काम खरेदीदार कार्यालयच करते, आणि तिथे पुष्कळ काही करता येते. रंग-चकाकी न लिहिता ताटाचे काम लिहावे : गरम वरण ओतल्यावर इतकी मिनिटे गळू नये, इतक्या वजनाला वाकू नये, वापरानंतर ठरलेल्या मानकाप्रमाणे कुजावे. मग बगॅस, पळसाची पाने, सुपारीची विरी, यांपैकी जे त्या कसोटीला उतरेल ते येऊ द्यावे. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिका आणि समाजकल्याणाची वसतिगृहे यांची अशा वस्तूंची वर्षाची गरज एकत्र काढून एकच दरकरार केला, तर लहान उद्योजकाला बँकेसमोर ठेवायला एक कागद मिळेल. त्याला आज यंत्रासाठी अनुदान मिळू शकते. ते यंत्र चालू राहील याची तजवीज कुठल्याच योजनेत नाही.

कोणत्या वस्तूला जैवाधारित म्हणायचे, याबाबत मात्र समितीने फार काटेकोर राहावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण या नावाखाली बाजारात बरीच भेसळ शिरली आहे. वनस्पतीपासून बनलेली प्रत्येक वस्तू कुजतेच असे नाही. ब्राझीलमध्ये 2010 पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिलीन बनते; त्याचा उगम उसात आहे, पण ते मातीत तेलाच्या पॉलिथिलीनइतकेच चिवट राहते. साखरेपासून बनणारे पीएलए नावाचे प्लास्टिक कुजते, पण त्यासाठी साधारण 58 अंश सेल्सिअस तापमान टिकवणारा खतप्रकल्प लागतो. होम मैदानाच्या कडेच्या उकिरड्यावर किंवा चंद्रभागेच्या वाळवंटात ते आपोआप विरघळून जात नाही. लक्ष्मी मंडईत भाजीच्या पिशवीवर हिरव्या पानाचे चित्र आणि ‘बायोडिग्रेडेबल’ असे छापलेले असते, त्यावर कोणाचा शिक्का आहे हे गिऱ्हाईक पाहत नाही आणि दुकानदारालाही ठाऊक नसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आणि आयएस/आयएसओ 17088 हे मानक, या दोन गोष्टींशिवाय कुजणाऱ्या प्लास्टिकची कोणतीही वस्तू जिल्ह्याच्या खरेदीत घेऊ नये.

बगॅसच्या ताटांचीही मी आंधळी वकिली करणार नाही. तेलकट रस्सा झिरपू नये म्हणून काही उत्पादक लगद्यात पीएफएएस गटातील फ्लोरिनयुक्त रसायने मिसळतात आणि ही रसायने निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केले की तेलरोधक म्हणून अन्नाच्या कागदी वेष्टनांसाठी ही रसायने तिथे आता विकली जात नाहीत. आपल्या निविदेत एकूण फ्लोरिनची मर्यादा लिहून घेतली आणि प्रत्येक पुरवठ्यातील नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला, तर जो प्रामाणिकपणे काम करतो तो टिकेल. तपासणीचा खर्च लहान उद्योजकाला पेलत नाही. तो समितीच्या नावीन्यपूर्ण योजनांच्या निधीतून करावा. त्या निधीचा याहून चोख उपयोग मला तरी सुचत नाही.

या बाबतीत अमेरिकेची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. 2002 च्या तिथल्या कृषी कायद्याने केंद्र सरकारच्या खात्यांना जैवाधारित वस्तूंना खरेदीत प्राधान्य देणे बंधनकारक केले, आणि 2011 पासून ग्राहकांसाठी त्याचे ऐच्छिक लेबलही सुरू झाले. वंगण, साबण, शाई, गालिचे अशा प्रत्येक वर्गासाठी वनस्पतिजन्य कार्बनचे किमान प्रमाण ठरवलेले आहे. ते मोजण्याची कसोटीही सरळ आहे : ताज्या वनस्पतीतील कार्बनमध्ये कार्बन-14 हे किरणोत्सारी रूप थोडेसे असते, लाखो वर्षे जमिनीखाली राहिलेल्या खनिज तेलात ते उरलेले नसते, त्यामुळे प्रयोगशाळेत वस्तूचा उगम शोधून काढता येतो. आपल्याकडे 1991 पासून मातीच्या मडक्याचे चिन्ह असलेली इकोमार्क योजना होती. ते मडके प्रत्यक्ष वस्तूवर पाहिल्याचे माझ्या परिचितांपैकी कोणालाही आठवत नाही. 26 सप्टेंबर 2024 रोजी केंद्राने इकोमार्कचे नवे नियम काढले आहेत. जिल्ह्याच्या निविदांत इकोमार्कधारक वस्तूला गुण दिले, तर चिन्हाला किंमत येईल आणि उद्योजक ते मिळवण्याच्या मागे लागेल.

काही ठिकाणी जैवाधारित वस्तूची गरजच नाही, हेही नोंदवून ठेवतो. जिथे पाणी आहे आणि भांडी घासायला माणसे आहेत तिथे स्टीलचे ताट कोणत्याही पत्रावळीपेक्षा चांगले, आणि सरकारी सभांमधून एकदाच वापरायची ताटे हद्दपार झाली तर उत्तमच. शेंगा चटणीच्या पुड्यांनाही सध्या हात लावू नये. चटणीला सुटणारे तेल आणि हवेने लागणारा खवट वास अडवणारे, शिवाय लहान गृहउद्योगाला परवडणारे, कुजणारे वेष्टन आज तरी माझ्या पाहण्यात नाही. तिथे सक्ती केली तर बायाबापड्यांचा धंदा बसेल आणि प्लास्टिक मात्र दुसऱ्या वाटेने येईलच.

पंढरपूरचे तसे नाही. आषाढीला लाखो माणसे येतात, वाटेवर प्रत्येक मुक्कामी अन्नदान होते, आणि त्या गर्दीत पाण्याचे टँकर पिण्यालाच पुरत नाहीत, तिथे भांडी घासण्याची गोष्ट काढणे व्यर्थ आहे. पानांच्या पत्रावळीवर आणि द्रोणांवर 2019 पासून जीएसटी शून्य आहे, तरीही अन्नदान करणारी मंडळे स्वस्त मिळेल ते घेतात, कारण एवढ्या मोठ्या संख्येने योग्य माल वेळेवर आणि एका ठिकाणी मिळत नाही. पालखी मार्गावरील मुक्कामांच्या गावी प्रमाणित ताटा-द्रोणांचे साठे वारीच्या आधी करून ठेवावेत आणि ते मंडळांना खरेदीच्या दराने द्यावेत. अन्नदानाची परवानगी देतानाच हा माल घेण्याची अट घालता येईल. पण त्याच्या जोडीला उष्टी ताटे वेगळी गोळा करून खतासाठी नेण्याची गाडी हवी. ती नसेल तर कुजणारे ताट प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांबरोबर एकाच ढिगात जाईल आणि जादा खर्च केलेला पैसा वाया जाईल. सोलापूर शहरात ओल्या कचऱ्यापासून वायू व खत करण्याचा प्रकल्प आधीपासून आहे, म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नाही.

चादरीविषयी लिहिल्याशिवाय सोलापूरकराला पत्र संपवता येत नाही. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळून बरीच वर्षे झाली. तरी यंत्रमागावरची सुती चादर आज पॉलिस्टर आणि ॲक्रिलिकच्या परप्रांतीय मालाशी दरात हरते, आणि तोच माल चाटी गल्लीपासून एसटी स्टँडपर्यंत ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो. सरकारी रुग्णालये आणि वसतिगृहे बिछायतीचे कापड घेतात तेव्हा धाग्यातील कापसाचे प्रमाण, धुलाईनंतरचा टिकाव आणि मानांकनाचा नोंदणी क्रमांक या तीन गोष्टी निविदेत घातल्या, तर अक्कलकोट रस्त्यावरच्या यंत्रमागांना त्याचा लाभ लगेच होईल. पॉलिस्टरची चादर दर धुण्याला प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू गटारात सोडते. रुग्णालयाच्या धुलाईत हे रोजचे आहे. सुती चादर जास्त महाग असेल, पण किती धुण्यांपर्यंत टिकते यावर दर काढला तर तफावत पुष्कळ कमी होते, असा माझा स्टोअरमधला अनुभव आहे.

बाकीच्या विषयांवर थोडक्यात लिहितो. नागपूरजवळ मनसर येथे डिसेंबर 2024 मध्ये लिग्निन हा वनस्पतींतील घटक मिसळलेल्या जैव-डांबराचा राष्ट्रीय महामार्गाचा तुकडा वापरात आला. जिल्हा परिषदेच्या एखाद्या ग्रामीण रस्त्यावर तसा प्रयोग करून दोन पावसाळे निरीक्षण करावे. औष्णिक वीज केंद्रांना कोळशात जैवइंधनाचे गट्टू मिसळण्याचे बंधन केंद्राने 2023 च्या सुधारित धोरणात 2024-25 पासून 5 टक्के आणि 2025-26 पासून 7 टक्के असे ठरवले, आणि आपल्याच जिल्ह्यात एनटीपीसीचे 1320 मेगावॅटचे केंद्र आहे. तुराट्या व डाळिंबाच्या काड्यांपासून गट्टू करणाऱ्या शेतकरी कंपन्यांची त्या केंद्राशी गाठ घालून देण्याचे काम जिल्हा प्रशासनाने केले तर मागणी शोधत फिरावे लागणार नाही. प्रेसमडच्या आंबवलेल्या खताला केंद्राने 2023 मध्ये टनाला 1500 रुपयांचे विपणन साहाय्य मंजूर केले. कृषी विभागाच्या प्रात्यक्षिकांत हे खत आले, तर शेतकरी ते डोळ्यांनी पाहील.

या सगळ्यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो खरा आहे. उजनीचे पाणी उसाला किती द्यायचे यावर जिल्ह्यात आधीच भांडणे आहेत, त्यात उसापासूनच्या वस्तूंना मागणी वाढवून आणखी ऊस लावायचा का? माझे उत्तर नाही असे आहे. मी मागतो आहे ते साखर काढून झाल्यावर उरलेल्या चिपाडाला आणि शेतात जाळल्या जाणाऱ्या काड्यांना गिऱ्हाईक. बगॅस आज सहवीजनिर्मितीच्या बॉयलरमध्ये जाते, पण तिथले वीजदर पूर्वीसारखे राहिलेले नाहीत आणि कारखानेही दुसरा मार्ग शोधत आहेत. ज्वारीचा कडबा मात्र यात कोणी ओढू नये, तो जनावरांचा आहे.

दुसरी गोष्ट कालावधीची. फ्रान्सने फळे-भाज्यांच्या पातळ पिशव्यांत वनस्पतिजन्य भागाचे प्रमाण 2017 मध्ये 30 टक्के, 2018 मध्ये 40, 2020 मध्ये 50 आणि 2025 मध्ये 60 टक्के असे आधीच जाहीर करून टाकले होते. उत्पादकाला आठ वर्षांचे वेळापत्रक हातात मिळाले. आपल्याकडे 2018 ची प्लास्टिकबंदी आधी आली, मग कारवाया झाल्या, मग सवलती आल्या, 2022 मध्ये पुन्हा कडक झाली आणि त्याच वर्षाअखेरीस प्रमाणित कुजणाऱ्या वस्तूंना परवानगी मिळाली. या चढउतारांत ज्यांनी कर्ज काढून यंत्रे घेतली त्यांतले काही थकले. जिल्ह्याच्या खरेदीपुरते तरी पाच वर्षांचे प्रमाण आधी ठरवून जाहीर करावे : पहिल्या वर्षी ताटे-द्रोणांच्या खरेदीतील अमुक हिस्सा, पुढच्या वर्षी त्याहून जास्त, बिछायतीत अमुक. आकडा लहान असला तरी चालेल, पण जाहीर झालेला आकडा मागे घेऊ नये.

समितीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, आणि त्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाने सर्व कार्यालयांकडून मागील आर्थिक वर्षातील ताटे, पेले, बिछायत व वंगण यांच्या खरेदीचे आकडे मागवून समितीपुढे ठेवावेत. कोणते कार्यालय किती आणि काय घेते हे एकदा एका कागदावर आले, की कोणत्या निविदेची भाषा आधी बदलायची ते समितीला वेगळे सांगावे लागणार नाही. त्या निविदांचे विनिर्देश नव्याने लिहिण्यासाठी मनुष्यबळ कमी पडत असेल, तर तो मसुदा बिनमोबदला करून द्यायला मी आणि माझे काही निवृत्त सहकारी तयार आहोत. बैठकीत काय ठरले ते लेखी कळवावे, म्हणजे तीच माहिती मिळवण्यासाठी अर्ज करण्याची वेळ आमच्यावर येणार नाही.

आपला विश्वासू,
साखर कारखान्याच्या स्टोअर-परचेस खात्यातून निवृत्त झालेला एक सोलापूरकर